वेबसाइट उघडत नाही : दोष कोणाचा?

धम्मवंदनेत आपण धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतो. या आणि स्वतः पाहा, असे सांगण्याजोगा तो धम्म. विहारात नेहमी म्हटला जाणारा हा शब्द संगणकासमोर बसल्यावर मात्र आपण विसरतो. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिले की आपलेच काहीतरी चुकले असणार, असे गृहीत धरून मोकळे होतो.

आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका विद्यार्थिनीचे असेच झाले. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आली होती आणि अर्ज काही केल्या जात नव्हता. दोन दिवस तिने मोबाइलवर प्रयत्न केले, तिसऱ्या दिवशी सायबर कॅफे गाठला. तेथे तिला सांगण्यात आले, की तुझे दाखलेच नीट स्कॅन झालेले नाहीत. तिने पुन्हा पैसे देऊन स्कॅन करून घेतले. शेवटच्या रात्री अभ्यासिकेतील संगणकावर आम्ही सर्व्हरने पाठविलेले उत्तर उघडून पाहिले. त्यात ५०३ हा आकडा होता. दाखले उत्तम होते, दोष तिचा नव्हताच.

हा आकडा कोठे असतो, हे सांगण्यासाठीच हा लेख. मी कला शाखेचा पदवीधर, संगणक बँकेत काम करता करता शिकलो. त्यामुळे हे कोणालाही जमेल, अशी माझी खात्री आहे.

आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपला ब्राउझर तेथील सर्व्हरकडे मागणी पाठवितो आणि सर्व्हर उत्तर देतो. या उत्तराचे दोन भाग असतात. एक, पडद्यावर दिसणारे पान. दुसरा, त्या पानाच्या आधी येणाऱ्या काही ओळी. त्यांना रिस्पॉन्स हेडर म्हणतात. बँकेत टपाल आले की आम्ही पत्र वाचण्याआधी पाकिटावरचा शिक्का, तारीख, कोठून आले ते पाहतो. तसेच हे पाकीट समजावे. १९९१ च्या सुरुवातीच्या वेबमध्ये ही सोय नव्हती, सर्व्हर नुसते पान पाठवीत असे. मे १९९६ मध्ये एचटीटीपीची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली, तिच्यात हेडरची रीत नोंदविली गेली.

पाहण्याची कृती सोपी आहे. संगणकावर क्रोम किंवा एजमध्ये ‘एफ १२’ ही कळ दाबावी, ‘नेटवर्क’ हा भाग निवडावा आणि पान पुन्हा लोड करावे. खाली यादी येते. तीतील पहिल्या नावावर क्लिक करून ‘हेडर्स’ उघडावे. अर्ज पाठविताना अडचण येत असेल तर हा भाग उघडा ठेवूनच ‘सबमिट’ दाबावे व लाल झालेली ओळ पाहावी. मोबाइलवर हे सहज दिसत नाही, त्यासाठी संगणकच घ्यावा.

सर्वांत आधी तीन आकडी स्टेटस कोड पाहावा. चारशेच्या घरातला कोड म्हणजे सर्व्हरच्या मते अडचण मागणीत आहे. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर पान नाही. ४०१ आल्यास पुन्हा लॉगिन करावे. ४१३ आल्यास पाठविलेली फाइल फार मोठी आहे, फोटो लहान करावा. ४२९ म्हणजे तुम्ही थोड्या वेळात फार वेळा मागणी केली. अशा वेळी रिफ्रेश करीत राहिल्याने काम आणखी लांबते. पाचशेच्या घरातला कोड असेल तर बिघाड त्यांच्याकडे आहे. ५०३ म्हणजे सर्व्हरवर भार आहे किंवा दुरुस्ती चालू आहे. ५०४ म्हणजे पुढच्या खिडकीवरच्या सर्व्हरला आतल्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर मिळाले नाही. कोडच दिसला नाही, तर उत्तर आलेलेच नाही. आधी आपले इंटरनेट तपासावे. काही संकेतस्थळे २०० म्हणजे ‘सर्व ठीक’ असा कोड देतात आणि पानावर मात्र ‘नंतर प्रयत्न करा’ असे लिहितात. खिडकी उघडी, पण कारकून जागेवर नाही, त्यातला हा प्रकार!

दुसरी ओळ ‘डेट’ची. ही वेळ आपल्या घड्याळाची नसून उत्तर देणाऱ्या सर्व्हरची असते, आणि ती ग्रीनविच वेळेत लिहिलेली असते. तीत ५ तास ३० मिनिटे मिळविली की आपली वेळ निघते. त्या रात्री तेथे १८ वाजून १० मिनिटे होती, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११.४०. मुदत संपायला वीस मिनिटे बाकी होती. आम्ही पडद्याचे चित्र छापून अर्जासोबत कॉलेजमार्फत पाठविले. पुढे सर्वांसाठीच मुदत वाढली. ती आमच्या अर्जामुळे वाढली असे मी म्हणणार नाही. परंतु ‘वेबसाइट चालत नाही’ या तोंडी तक्रारीपेक्षा कोड आणि वेळ लिहिलेली तक्रार कार्यालयात वाचली जाते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

निकालाची किंवा गुणवत्ता यादीची जुनीच प्रत दिसत असेल तर ‘कॅश-कंट्रोल’ ही ओळ पाहावी. तेथे मॅक्स-एज ३६०० असेल तर ब्राउझर तासभर जवळची प्रत दाखवू शकतो. कंट्रोल व एफ ५ एकत्र दाबल्यास ताजी प्रत मागविली जाते. ‘कंटेंट-एन्कोडिंग’समोर जीझिप किंवा बीआर असल्यास मजकूर आवळून पाठविला जात आहे, त्यामुळे डेटा कमी लागतो. संस्थेचे संकेतस्थळ करणाऱ्यांनी हे अवश्य तपासावे.

सुरक्षिततेसाठी ‘स्ट्रिक्ट-ट्रान्सपोर्ट-सिक्युरिटी’ ही ओळ महत्त्वाची. पुढील ठरावीक काळ केवळ एचटीटीपीएस या सुरक्षित मार्गानेच यावे, असे ती ब्राउझरला बजावते. तिचे प्रमाण नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र ती दिसली म्हणून संकेतस्थळ खरे, असे मानू नये. लबाड माणूसही आपल्या बनावट संकेतस्थळावर ती लावू शकतो. पत्त्याचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाचावेच.

एक खबरदारी मात्र विसरू नये. याच यादीत ‘सेट-कुकी’, ‘कुकी’ आणि ‘ऑथरायझेशन’ अशा ओळी असतात. लॉगिन केलेले असताना त्यांतील अक्षरे दुसऱ्याच्या हाती पडली, तर पासवर्डाशिवायही तो तुमच्या खात्यात शिरू शकतो. सही केलेला कोरा चेकच तो. तक्रारीसाठी चित्र काढताना या ओळी झाकाव्यात, ते चित्र व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये, आणि काम झाल्यावर लॉगआउट करूनच उठावे.