बोटाचे रक्त आणि दंडावरची चकती

मधुमेह म्हणजे साखरेचा आजार. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना तो आहे, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. आपल्या पिंपळे सौदागरात तरी तो कोणत्या आळीत नाही, सांगा!

साखर मोजायची नेहमीची रीत म्हणजे बोट टोचणे. रक्ताचा थेंब पट्टीला लावला की यंत्र आकडा दाखवते. आता एक गोल चकती आली आहे. ती दंडाला चिकटवतात. तिची बारीक तार कातडीखाली राहते. रात्रंदिवस साखर मोजली जाते आणि आकडा मोबाइलवर येतो.

पण दोन्ही आकडे जुळत नाहीत. लोक म्हणतात, यंत्र बिघडले. तसे नाही हो! चकती रक्त मोजतच नाही. ती कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजते. पवना धरणातून पाणी सोडले म्हणजे आधी नदी चढते. काठच्या विहिरीला पाझर मागून लागतो. रक्त ही नदी, ते पाणी ही विहीर. म्हणून चकती पाच ते पंधरा मिनिटे मागे असते. जेवल्यावर किंवा अंगमेहनत केल्यावर साखर भराभर बदलते. तेव्हा फरक जास्त पडतो. चकती लावल्याच्या पहिल्या दिवशीही आकडा जास्त चुकतो. झोपेत दंड अंगाखाली दबला, तर साखर उगाच कमी दिसते.

बोटाचे यंत्रही अगदी काटेकोर नसते, बरं का. खरी साखर २०० असली आणि यंत्राने १७० किंवा २३० दाखवली, तरी ते नियमात बसते. बोटाला गूळ किंवा आंब्याचा रस लागला असेल, तर आकडा भलताच चढतो. म्हणून आधी हात धुवा, कोरडे करा, मग टोचा.

चाकणला रात्रपाळी करणारा माणूस इन्सुलिन घेतो, असे समजा. पहाटे त्याला घाम फुटला, हात कापू लागले. चकती मात्र ९० दाखवते. अशा वेळी चकतीवर विसंबू नये. बोट टोचावे. ७० पेक्षा कमी आले, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. टोचायची सोय नसेल, तर साखर आधी घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोटच तपासावे. चकती तेव्हाही मागचाच कमी आकडा दाखवत असेल. तो पाहून माणूस साखर खातच राहतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे.

चकतीला दर पंधरवड्याला काही हजार रुपये लागतात. इन्सुलिन टोचणाऱ्याला ती फार उपयोगी आहे. नुसत्या गोळ्या घेणाऱ्याने कर्ज काढून ती लावावी, असे मला वाटत नाही.