दूरस्थांची सभा व तिची राखण

मनुष्य एका ठिकाणीं आणि त्याचें काम दुसऱ्या ठिकाणीं, ही स्थिति आपल्या किनाऱ्यास नवी नाहीं. मुलगा जहाजावर, भाऊ आखाती देशांत आणि वडीलधारीं माणसें गांवीं, अशीं कुटुंबें येथें पुष्कळ आहेत. नवें इतकेंच कीं, पूर्वी जें वर्तमान पत्रानें कित्येक दिवसांनीं कळे, तें आतां ऑनलाइन सभेंत समोरासमोर बसल्याप्रमाणें बोलतां येतें. मुंबईच्या कचेरीचें काम अलिबागेस घरीं बसून करितां येतें, आणि शाळेची पालकसभाही प्रसंगीं फोनवर भरवितां येते. सोय मोठी खरी. परंतु ज्या दारानें आपले लोक आंत येतात, त्याच दारानें परकाही येऊं शकतो. म्हणून ही सभा सुरक्षित व सफळ कशी करावी, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं मिळून करावा, एवढ्याच हेतूनें आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

दूरच्या माणसाचा शब्द खरा कशावरून मानावा, ही अडचण जुनीच आहे. प्रेषित पौल दूरदूरच्या मंडळ्यांस पत्रें लिहवीत असे; परंतु कांहीं पत्रांच्या शेवटीं तो स्वतःच्या हातानें सलाम लिही, आणि तीच पत्र त्याचें असल्याची खूण असे. ज्या रायगडावरून आपल्या जिल्ह्यास नांव मिळालें, तेथील शिवकालीन पत्रांतही आरंभीं मुद्रा व मजकूर संपतांच शेवटीं मर्यादेचा शिक्का असे. पहिलीनें पत्र कोणाचें हें कळे. दुसऱ्यामुळें मागाहून कोणास ओळ घुसडतां येत नसे. ओळख आणि मर्यादा या दोन गोष्टी आजच्या सभेसही तितक्याच अवश्य आहेत.

सभा चालते ती अशी. फोन आपला आवाज व चित्र यांचे अंकरूप लहान लहान तुकडे करितो. हे तुकडे बहुधा कंपनीच्या सर्व्हर नांवाच्या संगणकांतून दुसऱ्याकडे जातात व तेथें पुन्हां जोडले जातात. वाटेंत ते कोणास वाचतां येऊं नयेत म्हणून सांकेतिक लिपींत घातलेले असतात. यास एन्क्रिप्शन म्हणतात. ती लिपि उलगडण्याची किल्ली केवळ सभासदांच्याच यंत्रांत असली, तर कंपनीसही तें बोलणें कळत नाहीं. झूम कंपनीनें अशी सोय २०२० च्या ऑक्टोबरांत उपलब्ध केली. परंतु किल्ली वाटेल त्याच्या हातीं दिल्यावर बळकट कुलुपाचा उपयोग काय? सभेची लिंक चारचौघांत पसरविणें म्हणजे तेंच होय.

राखणदाराची गरज न्यायालयानें फार पूर्वीच ओळखली. मुंबईंतील एका खटल्यांत न्यूयॉर्कच्या एका डॉक्टराची साक्ष व्हिडिओद्वारें घ्यावी कीं नाहीं, असा प्रश्न निघाला असतां सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिल २००३ रोजीं ती घेण्यास मोकळीक दिली. मात्र स्टुडिओंत परका मनुष्य येऊं नये, आणि एकदां आरंभ झाल्यावर होईल तों काम अखंड चालावें, हें पाहण्यास अधिकारी नेमण्याविषयींही सांगितलें. पुढें टाळेबंदींत, १६ एप्रिल २०२० रोजीं, केंद्रीय गृहमंत्रालयानें झूमविषयीं जी सूचना काढली, तिचा रोख हाच होता. तिचें सार असें: दर सभेस नवा क्रमांक व नवा पासवर्ड असावा. येणारास प्रथम वेटिंग रूममध्यें थांबवून, ओळख पटल्यावर आंत घ्यावें. चालकाच्या आधीं कोणास प्रवेश नसावा. स्क्रीन दाखविण्याचा अधिकार चालकानें आपल्याकडे ठेवावा. सर्व आल्यावर सभेस कुलूप घालावें. शेवटीं चालकानें नुसतें निघून न जातां सभा समाप्त करावी; हा आजचा मर्यादेचा शिक्काच म्हणावयाचा.

सभा आपण बोलाविलेली नसेल तर अधिकच जपावें. पोलिसाचा गणवेश घालून कोणी व्हिडिओवर येतो, "तुम्हांस डिजिटल अरेस्ट केली आहे, फोन बंद करूं नका, कोणास सांगूं नका" असें दरडावितो, आणि आयुष्याची पुंजी लुबाडतो. अशी अटक कायद्यांत मुळींच नाहीं, असें पंतप्रधानांनींही २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं आकाशवाणीवरून सांगितलें. असा फोन तत्काळ बंद करावा, घरांतील माणसांस सांगावें, आणि पैसे गेले असल्यास विलंब न करितां १९३० या क्रमांकावर कळवावें. हल्लीं आप्तांचा आवाज व चेहराही यंत्रानें हुबेहूब बनवितां येतो. यास्तव कोणी पैसे मागितल्यास आपणांस पूर्वीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर उलट फोन करून खात्री करावी.

राखण झाली तरी काम झालें असें नव्हे. सभेचा विषय आधीं कळवावा. एकानें बोलावें, इतरांनीं माइक बंद ठेवावा. ज्याचें नेटवर्क दुबळें त्यानें चित्र बंद करून केवळ आवाज ठेवावा. आणि काय ठरलें, कोणीं केव्हां करावयाचें, हें लिहून सर्वांस पाठवावें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे मुके झाले, आणि कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. ज्यांचें सर्व काम तारेवरच अवलंबून होतें, त्यांचें काम तारेबरोबरच थांबलें. म्हणून महत्त्वाचे फोन क्रमांक व ठराव कागदावरही असावेत.

शेवटीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. घरून काम करणारावर धन्याची नजर नसते. नजरेआड केलेलें कामही जो चोख करितो, तोच खरा विश्वासू सेवक; ही शिकवण नव्या यंत्रानें जुनी झालेली नाहीं. विद्यार्थ्यांस यंत्राची माहिती अधिक असते व पालकांस माणसांची. आज सायंकाळीं दोघांनीं एकत्र बसून घरांतील फोनावर वरील एकेक गोष्ट पडताळून पाहावी, आणि घरांतील आजी-आजोबांसही ती समजावून सांगावी, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंति आहे.