बंडाला बंडानं उत्तर : गिरिजाबाई केळकर आणि बायकांचं मत

मुंबई प्रांताच्या कायदेमंडळानं स्त्रियांना मतदानाचा हक्क दिला तो १९२१ साली. त्याच्या आठ-नऊ वर्षं आधीच एका मराठी गृहिणीनं आख्खं नाटक लिहून त्या काळच्या आघाडीच्या नाटककाराला जाहीर उत्तर दिलं होतं. मताधिकाराचा इतिहास सांगताना रमाबाई रानडे, हेराबाई टाटा ही नावं घेतली जातात. गिरिजाबाई केळकरांचं नाव त्यात कुणी घेत नाही. ते घ्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

द्रौपदी बर्वे

गिरिजाबाईंचा जन्म १८८६ चा. माहेरचं नाव द्रौपदी श्रीनिवास बर्वे. बालपण गुजरातेत गेल्यामुळे गुजराती त्यांच्या सरावाची होती, मराठी त्यांनी वाचून वाचून कमावली. पंधराव्या वर्षी माधवराव केळकरांशी लग्न झालं आणि द्रौपदीची गिरिजा झाली. माधवराव हे साहित्यिक न. चिं. केळकरांचे बंधू. म्हणजे सासर लिहित्या-वाचत्या माणसांचं, पण मुलीचं वय आणि संसार त्या काळच्या इतर घरांसारखाच. या संसारातून वेळ काढून त्यांनी आधी स्त्रियांसाठी निबंध लिहिले आणि मग त्या नाटकाकडे वळल्या. जळगावात त्यांनी भगिनी मंडळ सुरू केलं. बायकांनी घराबाहेर एकत्र जमावं, चार गोष्टी वाचाव्यात, बोलाव्यात, एवढंही सहज घडत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

‘बायकांचे बंड’ आणि ‘पुरुषांचे बंड’

नाटककार कृ. प्र. खाडिलकरांचं ‘बायकांचे बंड’ आलं १९०७ मध्ये. त्याचा आधार जैमिनीच्या अश्वमेधातली प्रमिलेची कथा. प्रमिलेच्या राज्यात पुरुषाला थारा नाही. अश्वमेधाच्या घोड्यामागून अर्जुन तिथे पोचतो आणि त्या कथेत शेवटी प्रमिला त्याच्याशी लग्न करते. स्त्रिया शिकू लागल्या, सभांना जाऊ लागल्या, त्याच काळात प्रेक्षकांपुढे ही गोष्ट येत होती. बाईचं स्वातंत्र्य म्हणजे चार दिवसांचं बंड आणि ते लग्नाच्या बोहल्यावर शमणार, असा अर्थ प्रेक्षकानं घरी नेला तर नवल नाही.

गिरिजाबाईंनी त्यावर १९१२ च्या सुमारास ‘पुरुषांचे बंड’ लिहिलं. निषेधाचं पत्र लिहून किंवा सभेत ठराव करूनही त्यांना थांबता आलं असतं. त्यांनी समोरच्याचंच हत्यार उचललं आणि बंडाचा आरोप नावासकट उलटा फिरवला. वाद रंगभूमीवर निघाला, तर उत्तरही रंगभूमीवरच द्यायचं. पंचविशीतल्या संसारी बाईचा हा निर्णय मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा वाटतो.

नाटक लिहिणाऱ्या त्या पहिल्या नव्हत्या. हिराबाई पेडणेकरांचं ‘दामिनी’ याच सुमारास ललितकलादर्श नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. हिराबाई कलावंतीण समाजातल्या. त्यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा केळकरांच्या सुनेच्या वाट्याला येणं शक्य नव्हतं, हेही न विसरता सांगायला हवं.

त्याच वेळी लंडनमध्ये

इंग्लंडमध्ये सिसिली हॅमिल्टन ही नटी-नाटककार मताधिकारासाठी हेच शस्त्र वापरत होती. ख्रिस्तोफर सेंट जॉन या लेखिकेबरोबर १९०९ मध्ये लिहिलेल्या तिच्या एकांकिकेत बायका एके दिवशी संप करतात. ‘बाईला पोसायला पुरुष आहे’ असं सरकार म्हणतं ना, मग कामधंदा सोडून प्रत्येकीनं जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या दारात जाऊन बसायचं! संध्याकाळपर्यंत पुरुषच ‘बायकांना मत द्या’ म्हणत पार्लमेंटकडे धावतात. त्याच वर्षी तिनं जगातल्या थोर स्त्रियांचा एक देखावा रंगमंचावर आणला. त्यातल्या वीरांगनांच्या रांगेत जोन ऑफ आर्कबरोबर आपली झाशीची राणीही होती. इंग्रजांशी लढताना मरण पावलेली तांब्यांची लेक इंग्रज बायकांच्या हक्कासाठी लंडनच्या रंगमंचावर उभी केली जाते, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असायलाच हवी.

मत कसं मिळालं

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीनं मागणी नाकारली. मग १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा मुलगी मिठनला घेऊन लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. समितीनं निर्णय प्रांतांवर सोपवला. इकडे सेवासदनाच्या रमाबाई रानडे स्त्रियांची बाजू मांडत होत्या. १९२१ मध्ये आधी मद्रास आणि मागोमाग मुंबई प्रांतानं हक्क मान्य केला.

पण मत होतं ते मालमत्तेला आणि कर भरण्याला जोडलेलं. वसईजवळचं नायगाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. इथल्या मिठागरात राबणाऱ्या किंवा मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून तिला मतही नव्हतं. १९३५ च्या कायद्यानं साठ लाखांवर स्त्रिया मतदार झाल्या. पण मिठागरातल्या त्या बाईपर्यंत मत पोचायला स्वतंत्र भारताची राज्यघटनाच यावी लागली.

अध्यक्षपदाच्या खुर्चीत

१९२८ साली मुंबईच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद गिरिजाबाईंना मिळालं. हा मान मिळवणारी ही पहिली स्त्री. मराठी रंगभूमीवर तेव्हा बायकांच्या भूमिका बहुतेक पुरुषच करत होते. स्वतः बालगंधर्व नायिका रंगवत होते आणि संमेलनाच्या अध्यक्षस्थानी मात्र बाई होती. त्याच वर्षी ब्रिटिश स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं, एकविसाव्या वर्षी मत मिळालं.

गिरिजाबाईंनी ‘आयेषा’, ‘राजकुंवर’, ‘हीच मुलीची आई’ अशी आणखीही नाटकं लिहिली. त्यांचा सूर मवाळ आहे. घर मोडण्याची भाषा त्या करत नाहीत, गृहिणीपणाचा त्यांना अभिमान आहे. आजच्या वाचकाला हे खटकेल. पण बाईचं म्हणणं बाईच मांडेल, हा त्यांचा आग्रह आणि मताधिकाराची मागणी यांचं मूळ एकच आहे.

नाव सांगा

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं मतदार यादीतून वगळावी लागली. यादी करणाऱ्यांना त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच नोंद होती. पुढे १९५९ मध्ये गिरिजाबाईंचं आत्मचरित्र आलं, तेव्हा मुखपृष्ठावर माहेरचं नाव होतं : ‘द्रौपदीची थाळी’. १९८० मध्ये त्या गेल्या.

‘पुरुषांचे बंड’ आज वाचलं जात नाही, रंगमंचावर तर दिसतच नाही. जूचंद्र, उमेळे, नायगाव परिसरात नाटकाची हौस असलेल्यांनी आणि वसई-विरारच्या ग्रंथालयांनी येत्या ८ मार्चला भाषणांऐवजी खाडिलकरांचं नाटक आणि गिरिजाबाईंचं उत्तर यांतले निवडक प्रवेश एकापाठोपाठ वाचावेत, आणि वाचायला गावातल्या बायकांना बसवावं.