एकच सिकलसेल, दोन नातवंडे

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर–जळगाव जामोदच्या बाजूला राहणारे आजी-आजोबा एक प्रश्न हमखास विचारतात. दोन्ही नातवंडांना सिकलसेल आहे. मग धाकट्याला वरचेवर हाडे ठणकतात म्हणून दवाखान्यात न्यावे लागते आणि थोरलीची शाळा क्वचितच बुडते, असे का? प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तराने वैद्यकाला बरीच वर्षे झुलवले.

हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराचा बदल दोघांतही सारखाच असतो. फरक बरेचदा दुसरीकडे असतो. गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. जन्मानंतर काही महिन्यांत त्याची निर्मिती मंदावते, आणि म्हणूनच सिकलसेलचा त्रास साधारण सहा महिन्यांच्या वयानंतर दिसू लागतो. ज्याच्या रक्तात हे गर्भ-हिमोग्लोबिन अधिक टिकते, त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्यापासून बऱ्याच अंशी वाचतात.

ही निर्मिती मंदावते कशामुळे? मानवी डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. त्यांपैकी प्रथिनांची कृती सांगणारी जेमतेम दोन टक्के. उरलेल्या पसाऱ्यात, कोणते जनुक कोठे आणि किती चालावे हे ठरवणारी बटणे विखुरलेली आहेत. ती नजरेने शोधणे अशक्य. म्हणून अनेक माणसांच्या डीएनएतील फरक आणि त्यांच्या रक्तातील गर्भ-हिमोग्लोबिन यांची संगणकाने चाळणी केली गेली. यालाच डेटा मायनिंग म्हणतात. २००७-०८ मध्ये त्यातून ‘बीसीएल११ए’ या जनुकाकडे बोट दाखवले गेले. संगणक केवळ संशयित दाखवतो. हेच जनुक गर्भ-हिमोग्लोबिन दाबते, हे सिद्ध झाले ते प्रयोगशाळेत. पुढे २०१३ मध्ये त्याच जनुकातील, केवळ तांबड्या पेशींच्या घडणीत त्याला चालू ठेवणारा छोटा भाग सापडला. तो भाग निकामी करणाऱ्या ‘कॅसगेव्ही’ उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे आणि त्याआधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते. त्यासाठी जमीन विकण्याचा विचार कोणी करू नये.

आपल्या हाती असलेले हायड्रॉक्सीयुरिया हे जुने, स्वस्त औषधही गर्भ-हिमोग्लोबिनच वाढवते. दुखणे थांबले म्हणून ते परस्पर बंद करू नये आणि ठरल्या वेळी रक्ततपासणी चुकवू नये. मूल फिकट दिसते म्हणून तपासणीशिवाय लोहाचे टॉनिकही देऊ नये. ताप, धाप, एकाएकी आलेला फिकटपणा किंवा पोटात डावीकडे फुगवटा दिसला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. विदर्भातील रुग्णांत गर्भ-हिमोग्लोबिन आफ्रिकेतील रुग्णांपेक्षा बरेचदा अधिक आढळते, हे खरे. तरीही नागपूरच्या डॉक्टरांनी अनेक मुलांत तीव्र आजार पाहिला आहे. तेव्हा थोरलीकडेही दुर्लक्ष नको.

नातवंडांची लग्ने ठरवताना मात्र ज्येष्ठांचा शब्द चालतो. वर-वधू दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सोयरीक पक्की होण्यापूर्वी दोघांचे रक्त तपासून घ्यावे.