विद्यापीठातील अपंग विद्यार्थी : सवलत की हक्क?

अपंग विद्यार्थ्याला महाविद्यालयात जे काही मिळते त्याला आपल्याकडे ‘सवलत’ म्हणतात. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या नावातच ‘हक्क’ आहे. तरी प्राचार्यांच्या दालनाबाहेर उभा असलेला विद्यार्थी अजून विनवणीच्याच भाषेत बोलतो. (‘दिव्यांग’ हा शब्द वरून आला. ‘हरिजन’ या शब्दाचा अनुभव घेतलेल्यांना त्यावर अधिक सांगायला नको.)

कलम ३२ नुसार सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांनी किमान ५ टक्के जागा ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी राखायच्या आहेत. वयाची अटही ५ वर्षांनी शिथिल होते. १९९५ च्या कायद्यात हे प्रमाण ३ टक्के होते. हे आरक्षण समांतर आहे. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाप्रमाणे निवडलेला अपंग उमेदवार त्याच्या मूळ प्रवर्गात मोजला जातो. म्हणून दलित अपंग विद्यार्थिनीने जातीचा आणि अपंगत्वाचा असे दोन्ही दाखले जोडावेत. ‘एकच काय ते लावा’ म्हणणारा कारकून भेटला तर त्याचे ऐकू नये. २०११ च्या जनगणनेत एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत २.४५ टक्के होते. कुपोषण, धोक्याचे काम, दूरचा दवाखाना ही नावे त्या आकड्यात लिहिलेली नसतात.

२०२० साली चंदीगडच्या कला महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली : अपंगही सामाजिकदृष्ट्या मागास आहेत, आणि अनुसूचित जाती-जमातींना मिळणारी गुणांची सूट त्यांनाही मिळाली पाहिजे. आपल्या चळवळीने मिळवलेले माप दुसऱ्या वंचितांच्या उपयोगी पडले, याची आपण पुरेशी दखल घेतलेली नाही.

खरी ओढाताण होते ती परीक्षेत. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अंध, दोन्ही हातांनी अपंग आणि मेंदूचा पक्षाघात असलेल्या उमेदवारांना मागितल्यास लेखनिक, आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ ठरवून दिला. तीन तासांच्या पेपरला एक तास. हा तास म्हणजे इतरांपेक्षा जास्त काही नव्हे. दुसऱ्याला उत्तर सांगायचे, त्याने ते लिहायचे, मग परत वाचून दाखवायचे, यात तो संपतो. विषयाची परिभाषा न कळणारा लेखनिक मिळाला तर तोही अपुरा पडतो. ४० टक्क्यांखालचे काय? लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात निकाल दिला, की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. ज्याची जशी अडचण तशी वाजवी सोय करावी लागेल.

तेव्हा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. नकार आला तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, पुण्याला, तक्रार करता येते. त्यांची शिफारस न मानणाऱ्या अधिकाऱ्याला तीन महिन्यांत कारण कळवावे लागते, आयुक्तांना आणि तक्रारदारालाही.