‘आला नाही’ की ‘आणलं नाही’?

तिसरीतला मुलगा. मधल्या सुट्टीत पोळी भाजीत बुडवून मऊ करतो, एकाच बाजूने चावतो आणि अर्धा डबा घरी परत नेतो. कुणी थंडगार गोळा देऊ केला, तर नको म्हणतो. वर्गशिक्षिकेला हे नखरे वाटतात, घरीही तसंच वाटतं. दात दुखतो असं तो म्हणत नाही. दुखणं इतक्या महिन्यांचं आहे, की न दुखणारं तोंड कसं असतं हेच तो विसरलाय.

मीरा-भाईंदरमधल्या कुठल्याही दंतवैद्याला असा मुलगा ओळखीचा वाटेल. तोंड उघडून पाहिलं की मागच्या दाढा काळ्या आणि हिरडीवर पुळी. पालकांचं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं, ‘‘दुधाचेच दात ना डॉक्टर, पडणारच आहेत.’’ समोरचे दुधाचे दात सहा-सात वर्षांचं झालं की पडू लागतात हे खरं. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आलेली घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. आयुष्यभर पुरायची दाढ दुधाची समजून किडू दिली जाते.

पण नुसती कीड म्हणजे हेळसांड नव्हे, हे आधी स्पष्ट करायला हवं. रात्री दूध पिऊन झोपणारी, येता-जाता बिस्किट खाणारी मुलं प्रेमळ घरांतही असतात. बालदंततज्ज्ञ हेळसांड म्हणतात ती वेगळ्या गोष्टीला: मुलाला वेदना आहेत, संसर्ग आहे, उपचार काय हे समजावून सांगितलंय, उपचार आवाक्यात आहेत, आणि तरीही ते पुन्हा पुन्हा टाळले जातात.

यातला ‘आवाक्यात’ हा शब्द आपल्या शहरात तपासून घ्यावा लागतो. पहाटेची विरार लोकल पकडून रात्री परतणारा बाप, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात रोजंदारी करणारी आई. अपॉइंटमेंट दुपारी बाराची दिली, तर एक दिवसाची मजुरी बुडते. खासगी दवाखान्यात एका दाढेच्या रूट कॅनालचा खर्चही सगळ्यांना झेपत नाही. अशा आईवर बोट ठेवणं सोपं आहे, उपयोगाचं नाही. तिला संध्याकाळची वेळ द्यावी, उपचार टप्प्याटप्प्याने करावेत, मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयाचा रस्ता सांगावा. लोकल थेट जाते. एवढं करूनही मूल दिसेनासं झालं, तर मात्र प्रश्न बदलतो.

दवाखान्याच्या वहीत आपण लिहितो, ‘पेशंट आला नाही’. आठ वर्षांचं मूल एकटं रिक्षा करून येणार थोडंच! ब्रिटनमध्ये अशा वेळी ‘आणलं गेलं नाही’ अशी नोंद करण्याचा आग्रह धरला जातो. एका क्रियापदाचा फरक. पण सलग तीन वेळा ‘आणलं नाही’ लिहिताना हात थबकतो आणि फोन उचलला जातो. फोनवर दरडावू नये. काय अडचण आहे, एवढंच विचारावं आणि तारखेनिशी लिहून ठेवावं. अस्वच्छ कपडे, वाढ खुंटलेली, अंगावर न सांगता येणाऱ्या खुणा, पालकांसमोर गप्प झालेलं मूल, असं काही सोबत दिसलं, तर दातांचं दुखणं हे मोठ्या दुखण्याचं टोक असू शकतं. अशा वेळी १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. ती चोवीस तास चालते आणि शेजारी, शिक्षक, कुणीही फोन करू शकतं. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार, ताब्यातल्या मुलाची जाणूनबुजून आबाळ करून त्याला विनाकारण यातना देणं हा गुन्हा आहे. पण कायदा सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांना हवी असते ती मदत.

शाळांचं काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या आणि सरकारी, अनुदानित शाळांत मुलं तपासतात, त्यात दातही असतात. आपल्याकडची कितीतरी मुलं मात्र खासगी इंग्रजी शाळांत जातात. तिथे परत येणारा डबा पाहणाऱ्या शिक्षिकेवरच सारी भिस्त.

घरच्या उपायांबद्दल एक सांगतो. दुखऱ्या दाढेत मशेरी भरू नका, ती तंबाखूच आहे. गोळी दाढेशी दाबून ठेवली, तर हिरडी भाजते. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने सूज ओसरते, कीड तिथेच राहते. आणि गालाची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरू लागली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मुलाला रुग्णालयात न्या.