मतांचा टक्का आणि जागांचा आकडा
महाराष्ट्र विधानसभा निवडणूक २०२४ : आकडेवारीचे वाचन

महाराष्ट्राच्या पंधराव्या विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी एकाच टप्प्यात मतदान झाले आणि २३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली. २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार रिंगणात होते. मतदारयादीत ९ कोटी ७० लाखांहून अधिक नावे होती आणि मतदान केंद्रांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती. निकालात भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या महायुतीला २३० जागा मिळाल्या, तर काँग्रेस, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) आणि राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) या महाविकास आघाडीतील तीन प्रमुख पक्षांना मिळून ४६. पहिल्या तिघांची मते ४८ टक्के होती, दुसऱ्या तिघांची साधारण ३४ टक्के. मतांमध्ये दीडपटीहून कमी फरक असताना जागांमध्ये तो पाचपट झाला. हे असे का होते, ते समजून घ्यायचे तर मतदारसंघांच्या रचनेपासून सुरुवात करावी लागते.

मतदारसंघांची रचना

राज्यनिर्मितीनंतरच्या पहिल्या, म्हणजे १९६२च्या निवडणुकीत विधानसभेच्या २६४ जागा होत्या. १९६७मध्ये त्या २७० झाल्या आणि १९७८पासून २८८. राज्याच्या एकूण जागांची संख्या १९७१च्या जनगणनेवर गोठवलेली आहे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ती बदलणार नाही, अशी घटनेतच तरतूद आहे. मतदारसंघांच्या हद्दी मात्र २००१च्या जनगणनेच्या आधारे नव्याने आखल्या गेल्या आणि २००९च्या निवडणुकीपासून त्या लागू झाल्या. या फेररचनेत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा १८वरून २९ झाल्या आणि अनुसूचित जमातींसाठीच्या २२वरून २५. मुंबईच्या जागा ३४वरून ३६ झाल्या. त्यातही शहर जिल्ह्याच्या १७ जागांच्या १० उरल्या आणि उपनगर जिल्ह्याच्या १७च्या २६ झाल्या. गिरणगाव ओसरून लोकवस्ती उत्तरेकडे सरकली होती, तिची ही नोंद होती.

महसूल विभागांनुसार पाहिले तर कोकण विभागात मुंबईसह ७५ जागा आहेत, पुणे विभागात ५८, नाशिक विभागात ४७, मराठवाड्यात ४६, नागपूर विभागात ३२ आणि अमरावती विभागात ३०. राज्यातील एकूण मतदारांना २८८ने भागले तर एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३७ हजार मतदार येतात. प्रत्यक्षात चिंचवड आणि पनवेल या मतदारसंघांनी सहा लाखांचा टप्पा ओलांडला आहे, तर सिंधुदुर्गातील तीन मतदारसंघांची सरासरी सव्वादोन लाखांच्या आसपास आहे. हद्दी आखल्या गेल्या त्यानंतरच्या वर्षांत पुणे, ठाणे आणि रायगडच्या शहरी पट्ट्यात लोक येत राहिले आणि तळकोकणातून बाहेर जात राहिले. त्यामुळे आमदार निवडताना सिंधुदुर्गातील एका मताचे वजन पनवेलच्या मतापेक्षा दुपटीहून अधिक भरते.

मतदारयादी

२०२४च्या यादीत ५ कोटी पुरुष, ४ कोटी ७० लाख स्त्रिया आणि ६,१०१ तृतीयपंथी मतदार होते. दर हजार पुरुष मतदारांमागे स्त्री मतदारांची संख्या सुमारे ९४० होती. १८ आणि १९ वर्षे वयाचे, म्हणजे विधानसभेसाठी पहिल्यांदाच मत देऊ शकणारे मतदार २२ लाखांच्या वर होते.

या यादीवर निवडणुकीनंतर मोठा वाद झाला. मे २०२४च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी राज्यात ९ कोटी ३० लाखांच्या आसपास मतदार होते. पुढच्या सहा महिन्यांत त्यात सुमारे ४० लाखांची भर पडली. एवढ्या थोड्या काळात एवढी वाढ कशी झाली, असा प्रश्न काँग्रेसने उपस्थित केला. निवडणूक आयोगाच्या उत्तरानुसार या काळात ४८ लाखांहून अधिक नावे नव्याने नोंदली गेली, ८ लाख वगळली गेली आणि नव्या नावांपैकी २६ लाखांहून अधिक १८ ते २९ या वयोगटातील होती. यादी सर्व मान्यताप्राप्त पक्षांना दिली जाते, तिच्यावर हरकती घेण्याची मुदत असते, असेही आयोगाने सांगितले. विरोधी पक्षांचे समाधान झाले नाही आणि यादीच्या अचूकतेचा मुद्दा त्यानंतरही राजकीय चर्चेत राहिला.

मतदानाची टक्केवारी

यादीतील शंभर नावांपैकी किती जणांनी मत दिले, हे मतदानाच्या टक्केवारीतून कळते. लोकसंख्येशी तिचा थेट संबंध नाही. घर बदललेल्या किंवा मृत व्यक्तींची नावे यादीत राहिली, एकाच माणसाचे नाव दोन ठिकाणी असले, तर टक्का आपोआप खाली येतो. भाड्याची घरे आणि स्थलांतर जास्त असलेल्या महानगरांमध्ये हा परिणाम अधिक जाणवतो.

२०२४मध्ये मतदान ६६.०५ टक्के झाले. २०१९मध्ये ते सुमारे ६१.४ टक्के होते. राज्याच्या इतिहासातील सर्वाधिक मतदान १९९५चे, ७१.६९ टक्के, आणि सर्वात कमी १९८०चे, ५३.३ टक्के. २०२४मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर मतदारसंघात सुमारे ८५ टक्के मतदान झाले, तर मुंबईतील कुलाब्यात ४५ टक्केही झाले नाही.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आयोगाने दिलेला आकडा ५८.२२ टक्के होता, रात्री पावणेबाराचा ६५.०२ आणि अंतिम ६६.०५. ही वाढ संशयास्पद असल्याचा आरोप झाला. दिवसभरात दर दोन तासांनी जाहीर होणारे आकडे केंद्रांवरून तोंडी किंवा अ‍ॅपवर कळवलेल्या माहितीवर आधारलेले असतात. सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मत देता येते आणि त्यांचे मतदान उशिरापर्यंत चालते. कायदेशीर नोंद असते ती नमुना १७-क मधील. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष यंत्रातील एकूण मते या नमुन्यात लिहितो आणि त्याची प्रत हजर असलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना देतो. मतमोजणीत यंत्रातील मतांचा आकडा याच नोंदीशी ताडून पाहिला जातो.

पुरुषांचे मतदान ६६.८४ टक्के आणि स्त्रियांचे ६५.२२ टक्के होते. २०१९मध्ये स्त्रियांची टक्केवारी ५९च्या आसपास होती. निवडणुकीच्या काही महिने आधी सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेशी या वाढीचा संबंध जोडला गेला. आकडेवारी मात्र स्त्रिया मतदानाला किती आल्या, एवढेच सांगते. मतमोजणीत स्त्री आणि पुरुषांची मते वेगळी होत नाहीत. त्यामुळे स्त्रियांनी कोणाला मत दिले, याचे उत्तर अधिकृत निकालात नसते. ते मतदानोत्तर पाहण्यांच्या अंदाजांतूनच शोधावे लागते.

पक्षनिहाय निकाल

सहा प्रमुख पक्षांचा हिशेब असा आहे. लढवलेल्या जागांचे आकडे साधारण आहेत, कारण काही ठिकाणी मित्रपक्षांचे उमेदवार त्याच चिन्हावर लढले आणि काही ठिकाणी मैत्रीपूर्ण लढती झाल्या.

| पक्ष | लढवल्या (सुमारे) | जिंकल्या | मते (टक्के) |
|---|---|---|---|
| भाजप | १४९ | १३२ | २६.७७ |
| शिवसेना | ८१ | ५७ | १२.३८ |
| राष्ट्रवादी काँग्रेस | ५९ | ४१ | ९.०१ |
| काँग्रेस | १०१ | १६ | १२.४२ |
| राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) | ८६ | १० | ११.२८ |
| शिवसेना (ठाकरे) | ९५ | २० | ९.९६ |

उरलेल्या १२ जागांपैकी जनसुराज्य शक्ती आणि समाजवादी पक्ष यांना प्रत्येकी दोन मिळाल्या. राष्ट्रीय समाज पक्ष, युवा स्वाभिमान, राजर्षी शाहू विकास आघाडी, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष, शेतकरी कामगार पक्ष आणि एमआयएम यांचा प्रत्येकी एक आमदार निवडून आला. अपक्ष दोन होते. मनसे आणि वंचित बहुजन आघाडी यांना एकही जागा मिळाली नाही.

शिवसेना आणि काँग्रेस यांची मते जवळपास सारखी, पण जागा ५७ आणि १६. अजित पवारांच्या पक्षाला, म्हणजे राष्ट्रवादी काँग्रेसला, सहाही पक्षांत सर्वात कमी मते मिळाली, तरी जागांच्या क्रमात तो तिसरा आला. यातील काही भाग लढवलेल्या जागांच्या संख्येने उलगडतो. राज्यभराचा टक्का पक्षाने लढवलेल्या जागांपुरता काढला तर अंदाजे चित्र असे दिसते : भाजप ५२, शिवसेना आणि राष्ट्रवादी प्रत्येकी ४४, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) ३८, काँग्रेस ३५ आणि शिवसेना (ठाकरे) ३०. जिथे मुख्य लढत दोघांत आणि उरलेली मते अपक्ष व लहान पक्षांत विखुरलेली, तिथे ४४ टक्के मते बहुधा विजयाला पुरतात. ३५ ते ३८ टक्क्यांवर दुसरा क्रमांक मिळतो.

या हिशेबात ठाकरे यांचा पक्ष तळाशी आहे, तरीही त्याने आघाडीत सर्वाधिक जागा जिंकल्या. त्याच्या २० पैकी १० जागा मुंबईतील आहेत. मुंबईत मतदान कमी होते, म्हणून तिथल्या विजयाला लागणारी मतेही कमी असतात आणि राज्याच्या एकूण टक्केवारीत त्यांची भर थोडी पडते. शिवाय या पक्षाची मते काही पट्ट्यांत एकवटलेली होती, तर शरद पवार यांच्या पक्षाची बरीच मते हरलेल्या जागांवर दुसऱ्या क्रमांकात अडकली.

साठ वर्षांतील गणित

सर्वाधिक मते मिळवणारा एक उमेदवार विजयी, ही पद्धत पहिल्यापासून आहे. तिने कधी एका पक्षाला भरभरून दिले, कधी दुसऱ्याला. १९७२मध्ये काँग्रेसला ५६ टक्के मतांवर २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. १९७८मध्ये काँग्रेस दुभंगली. जनता पक्ष २८ टक्के मतांवर ९९ जागांसह पहिला आला, तर दोन काँग्रेस पक्षांना मिळून ४३ टक्क्यांहून अधिक मते असूनही जागा ६९ आणि ६२ अशा वाटल्या गेल्या.

१९९५चा निकाल आणखी बोलका आहे. काँग्रेसला ३१ टक्के मते आणि ८० जागा मिळाल्या. शिवसेना आणि भाजप युतीची एकत्रित मते २९ टक्के, म्हणजे काँग्रेसपेक्षा कमी होती, पण जागा १३८. अपक्षांनी २३ टक्क्यांहून अधिक मते घेतली आणि ४५ जागा जिंकल्या. त्यांत काँग्रेसच्या बंडखोरांची संख्या मोठी होती. पुढे १९९९मध्ये काँग्रेस आणि नव्याने स्थापन झालेली राष्ट्रवादी वेगवेगळ्या लढल्या. दोघांची बेरीज जवळपास ५० टक्के असताना जागा १३३ आल्या, आणि ३२ टक्क्यांच्या युतीला १२५. २००४मध्ये आघाडी करून लढताना काँग्रेसला २१ टक्के मतांवर ६९ जागा मिळाल्या, तर राष्ट्रवादीला पावणेएकोणीस टक्क्यांवर ७१.

२०१४मध्ये चारही प्रमुख पक्ष स्वतंत्र लढले. भाजपला २७.८१ टक्के मते आणि १२२ जागा मिळाल्या. २०१९मध्ये शिवसेनेशी युती असताना त्याच पक्षाला २५.७५ टक्के आणि १०५ जागा. २०२४मध्ये २०१४पेक्षा टक्का एकाने घसरला आणि जागा दहाने वाढल्या, कारण या वेळी भाजपने शंभरहून अधिक जागा मित्रांसाठी सोडल्या होत्या. मे २०२४च्या लोकसभा निवडणुकीत दोन्ही आघाड्यांच्या मतांत टक्काभराचाच फरक होता, तरी राज्यातील ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या आणि १७ महायुतीला. सहा महिन्यांनी महायुतीची मते सुमारे पाच टक्क्यांनी वाढली आणि विरोधकांची दहाने घटली. एवढ्या हालचालीने दुसऱ्या क्रमांकाच्या कितीतरी जागा पहिल्या क्रमांकावर गेल्या.

मताधिक्य आणि नोटा

२०२४मधील सर्वात मोठे मताधिक्य धुळे जिल्ह्यातील शिरपूरमध्ये, १,४५,९४४ मतांचे होते. सर्वात लहान मालेगाव मध्यमध्ये, १६२ मतांचे. साकोलीत काँग्रेसचे नाना पटोले २०८ मतांनी निवडून आले, तर बेलापूरची लढत ३७७ मतांवर सुटली.

वैध मतांपैकी एकषष्ठांश मते न मिळाल्यास उमेदवाराची अनामत जप्त होते. ती रक्कम विधानसभेसाठी १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ५ हजार आहे. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा नोटाचा पर्याय २०१३पासून उपलब्ध आहे. २०२४मध्ये त्याला एक टक्काही मते मिळाली नाहीत. २०१९मध्ये मात्र लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव या दोन मतदारसंघांत नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. तसा तो पहिल्या क्रमांकावर आला, तरी उमेदवारांत ज्याची मते सर्वाधिक, तोच विजयी ठरतो.

सभागृहाची रचना

निवडून आलेल्या २८८ जणांमध्ये २१ स्त्रिया होत्या, म्हणजे साधारण सात टक्के. २०१९मध्ये त्या २४ होत्या. स्त्री मतदारांचा टक्का वाढत असताना स्त्री आमदारांची संख्या घटली. बहुमतासाठी १४५ सदस्य लागतात. भाजप एकट्याच्या बळावर त्या आकड्यापासून १३ने दूर राहिला. ५ डिसेंबर २०२४ रोजी देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची, तर एकनाथ शिंदे आणि अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. प्रथेनुसार विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या एकदशांश, म्हणजे २९ सदस्य लागतात. विरोधी बाकांवरील एकाही पक्षाकडे तेवढे आमदार नव्हते. आघाडीतील तीन प्रमुख पक्षांना राज्यातील एकतृतीयांश मते मिळाली होती, पण ही अट मतांवर मोजली जात नाही, पक्षाच्या आमदारांवर मोजली जाते.